उत्तरेकडची चार टोकं

फारहाउस, ओडनवाल्ड
७ सप्टेंबर २०२५

मैत्रेयी,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता अन्वीकडून लिहून घेतलाय. म्हणजे सुरुवातच लबाडीने झाली. काय करू? फोन लागत नाही, मेल परत येते. कराडच्या पॉलिटेक्निकच्या वेबसाइटवर शिक्षकांच्या यादीत तुझं नाव दिसलं, म्हणून कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतेय.

कामाचंच लिहिते. बाकी काही नाही.

मी हल्ली डार्मश्टाटच्या एका छोट्या ऑफिसात जुन्या इमारतींची कामं करते. आम्ही राहतो मात्र बसने पन्नास मिनिटांवरच्या एका खेड्यात, तिथल्या फारहाउसमध्ये. म्हणजे चर्चच्या पाद्र्याचं घर. पाद्री आता पाच गावांना मिळून एकच उरलाय आणि तो दुसऱ्या गावात राहतो, म्हणून वरचा मजला आम्हाला भाड्याने मिळाला. हरीश रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात आहे, शनिवार-रविवारी येतो. एरवी मी आणि अन्वी. ती चौदाची झाली. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते.

घर तुला आवडलं असतं. खालचा मजला लाल वालुकाश्माचा, वरचा लाकडी चौकटींचा, चौकटींत माती आणि गवत भरलेलं. जमिनीला इतका उतार की अन्वीची पेन्सिल टेबलाखाली पडली की थेट खिडकीखाली सापडते. स्वयंपाकघरातून एक दार अंगणात उघडतं, तिथून वीस पावलांवर चर्चचं दार. पाद्र्याला पावसात भिजावं लागू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये भिंतीला लागून एक छपरी काढलीय. मी तिथे कपडे वाळत घालते.

चर्च १७५० चं. बाहेरून धान्याचं कोठार वाटावं इतकं साधं. आत एकच मोठं दालन, मध्ये एकही खांब नाही. तीन बाजूंनी लाकडी गॅलऱ्या. वर सपाट छत, तेही चुन्याचं आणि चांगलं जाड. ते अख्खं छत आठ ओकच्या तुळयांना टांगलंय. तुळया दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकतात. टेकतात तिथे भिंतीवर आडवं लाकूड, वर माळा, कौलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत बारा मीटरचा गाळा! सुतारांनी केलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुझीच आठवण आली.

जूनमध्ये या चर्चचा अहवाल मी केला. छत सुरक्षित, तातडीचं काही नाही, असा.

आता उत्तरेच्या भिंतीलगत छताला एक भेग दिसतेय. पाच-सहा मीटर लांब, केसाएवढी, एका जागी नखाएवढी. चुना वाळला की पडते तशी असेल. तरी तुझ्या सवयीप्रमाणे तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवलीय, भेग हलली तर तडकेल. तुला काय वाटतं? कशाची असेल?

दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

अरुंधती


१८ सप्टेंबर २०२५

मैत्रेयी,

पहिलं पत्र अजून तुला पोचलंही नसेल. पण काच तडकली.

मंगळवारी संध्याकाळी मुलांच्या गाण्याची तालीम होती. ५ ऑक्टोबरला इथे एर्न्टेडांक आहे, पीक घरात आल्याचा सण. या वर्षी चर्चची दोनशे पंचाहत्तर वर्षंही त्याच दिवशी साजरी करणार आहेत. चाळीस मुलं उत्तरेच्या गॅलरीत उभी राहून गाणार. अन्वी त्यांत आहे. ती चर्चची नाही, पण आवाज चांगला म्हणून घेतलं. गेल्या तीन वर्षांत या गावात तिला मिळालेली ही पहिली जागा.

बुधवारी सकाळी शिडी लावून पाहिलं तर पट्टीचे दोन तुकडे. मध्ये कागद सरकेल एवढी फट.

फ्राउ बिकेलहाउप्ट खाली उभ्या होत्या. या चर्चच्या समितीच्या अध्यक्ष. सत्तरीच्या, टणक बाई. आम्हाला घर मिळालं ते यांच्याच शब्दावर. पहिल्या हिवाळ्यात शेगडी कशी पेटवायची ते गुडघ्यांवर बसून त्यांनी मला दाखवलं होतं. त्यांनी विचारलं, "काय मग, फ्राउ बापट, काळजीचं काही?"

मी म्हटलं, "काच पातळ होती. दुसरी लावते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. जूनमध्ये तुम्ही सगळं पाहिलंच आहे."

मी मान हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतंच असं नाही, बघ.

आता तुला खरं सांगते. जूनमध्ये माळ्यावर वटवाघळांच्या माद्या पिल्लं घेऊन लटकलेल्या होत्या. या दिवसांत त्यांना हलवायचं नाही, असा इथला कायदा. दक्षिणेकडून मी जाऊ शकत होते, उत्तरेच्या भिंतीलगतच्या अर्ध्या लांबीत जायची मनाई होती. आठ तुळयांची सोळा टोकं. त्यांतली बारा मी पाहिली, ठोकून, टोचून. उत्तरेकडच्या आठांतली चार पाहिलीच नाहीत. नव्वद सालच्या एका जुन्या अहवालात ती ठणठणीत असल्याचं लिहिलं होतं, ते वाचलं. तक्ता भरायचा होता, अहवाल द्यायची तारीख आली होती, माझे साहेब हेर ट्राउट दोनदा विचारून गेले होते. मी चारही रकान्यांत "तपासले, सुस्थितीत" असं टाइप केलं.

"न पाहिलेले" असं लिहिलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. हेच कळत नाही. कुणी माझ्यावर जबरदस्ती केलीच नव्हती.

आज हेर ट्राउटना म्हटलं, माळ्यावर पुन्हा जाऊन येते. ते म्हणाले, "सण होऊ द्या. मग जा. आता तुम्ही वर गेलात की गावात कुजबुज सुरू होईल."

दुसरी काच लावली नाही. लावायचा धीर झाला नाही.

अरुंधती


२७ सप्टेंबर २०२५

मैत्रेयी,

वर जाऊन आले.

वटवाघळं मोजणाऱ्या एक बाई असतात, त्यांच्याकडून माद्या गेल्याची खात्री करून घेतली आणि साहेबांना न सांगता गेले. लेंड्यांचा थर घोट्यापर्यंत. तोंडाला मास्क, हातात बॅटरी आणि स्क्रू-ड्रायव्हर. चारपैकी दोन टोकांपर्यंतच हात पोचला. पहिलं कणखर. दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर वरून तीन सेंटिमीटर गेला आणि थांबला. जुन्या ओकला वरून तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असंही म्हणता येतं. उरलेली दोन फळ्यांखाली आहेत, त्या काढल्याशिवाय दिसणार नाहीत. भेग नेमकी त्यांच्याच खाली.

म्हणजे मला अजूनही काही माहीत नाही. कुजलेलं सापडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि असं वाटलं म्हणून स्वतःची भीती वाटली.

हरीश आलाय. जेवताना त्याला सगळं सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "पावणेतीनशे वर्षं उभं आहे ते, अरू. एका रविवाराने काय होणारेय?"

"मुलं त्याच्या बरोबर खाली उभी असणार."

"मग मुलांना दुसऱ्या गॅलरीत उभं करायला सांग. आवाज चांगला येतो म्हणून सांग."

मला ते पटलं! दोन तास मी खरंच तेच करायचं ठरवलं होतं. दुसरी गॅलरी, कुणाला काही न कळता. मग सोमवारी साहेबांना सांगून गुपचूप फळ्या काढायच्या. भांडी घासता घासता लक्षात आलं, हे मी आधी एकदा केलंय. नेमकं असंच.

मैत्रेयी, आता जे लिहितेय त्यासाठीच बहुधा मी पहिलं पत्र लिहिलं होतं. भेग निमित्त.

२०१४ मध्ये नदीकाठच्या त्या सभागृहाच्या छताला तू नाही म्हणालीस. छपराच्या पोलादी कैच्या जिथे भिंतीवर टेकतात तिथे पाणी मुरतंय, उघडून पाहिल्याशिवाय उद्घाटन नको, असं तू ट्रस्टला लेखी दिलंस. आणि मी तुझ्या पाठीमागे ट्रस्टच्या लोकांना भेटले. चहा पिताना हसून म्हणाले, "मैत्रेयी जरा घाबरट आहे, तिचं मनावर घेऊ नका." मग एकटीच्या सहीने दाखला दिला. हे तुला ठाऊक आहे. त्यावरूनच आपलं ऑफिस मोडलं. छत पडलं नाही, लोक म्हणाले मैत्रेयी मॅडम उगाच घाबरवतात, आणि पुण्यात तुला कामं मिळेनाशी झाली.

तुला ठाऊक नाही ते पुढचं. २०१७ च्या पावसाळ्यानंतर ट्रस्टने त्या छताची दुरुस्ती काढली. ठेकेदार आपला गुरुदत्तच होता. त्याने मला एक फोटो पाठवला. कैचीच्या बुडाशी पोलाद पापुद्र्यांसारखं सुटलं होतं. त्याने त्यात बोट घातलं होतं, आणि ते दुसऱ्या बाजूने दिसत होतं. खाली लिहिलं होतं, "मॅडम, देवाने वाचवलं."

तू बरोबर होतीस. माझ्याकडे पुरावा होता. मी तो फोटो पुसून टाकला. गुरुदत्तला "थँक्स" लिहिलं. तुला फोन केला नाही, ट्रस्टला कळवलं नाही, कुणालाच काही म्हणाले नाही. त्या दिवाळीत तुला शुभेच्छांचा मेसेज पाठवला, पणतीच्या चित्रासकट. तो गेला नाही. तू नंबर बंद केला होतास. मला बरं वाटलं, खरं सांगते. आता सांगायचं असतं तरी सांगता आलं नसतं, असं मनाशी म्हणता आलं.

आठ वर्षं झाली.

हरीश नि अन्वी बाहेर अक्रोड वेचतायत. अन्वीच्या ओठांवर त्याच गाण्याची चाल आहे. मला इथे बसून फक्त छत दिसतंय.

अरुंधती


३ ऑक्टोबर २०२५

मैत्रेयी,

सांगितलं.

सोमवारी आधी हेर ट्राउटना. अहवाल उघडून ते चार रकाने दाखवले आणि म्हटलं, "ही टोकं मी पाहिलेली नाहीत. हे खोटं आहे आणि मी लिहिलंय." त्यांनी चष्मा काढला. "कुणी विचारलं होतं का तुम्हाला?" नाही म्हटलं. "मग आत्ता का?" त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण जर्मनमध्ये नीट आलं नाही. दुपारपर्यंत माझ्या हातात कागद होता: पुढची सूचना मिळेपर्यंत कामावर यायचं नाही.

संध्याकाळी इथे, आमच्याच खालच्या मजल्यावर, चर्चच्या समितीची बैठक. सात जणं. माझ्याच घराच्या जिन्याने उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले. भेग, काच, टोकं, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "फळ्या उघडून पाहीपर्यंत चर्च बंद ठेवा, असं मी लेखी देतेय."

एकाने विचारलं, "ते पडेल का?"

"माहीत नाही."

"पडणार नाही, असंही असू शकतं?"

"हो. असू शकतं."

"आणि तुम्ही जूनमध्ये खोटं लिहिलंत, तर आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून मानायचं?"

फ्राउ बिकेलहाउप्ट एवढा वेळ टेबलाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "माझी नात त्या गॅलरीत उभी राहणार होती." आवाज चढवला नाही. मग उठल्या, कपाटातून चर्चची किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "कुलूप तुम्ही लावा. आणि दारावरचा कागदही तुम्हीच चिकटवा. तुमचं नाव घालून."

चिकटवला. चार दिवस झाले, लोक येतात, वाचतात, आमच्या खिडकीकडे बघतात. बेकरीतल्या बाईने काल ब्रेड दिला, पण सकाळच्या नमस्काराचं "मॉर्गन" म्हणाली नाही. सण अग्निशामक दलाच्या शेडमध्ये हलवलाय. दोनशे पंचाहत्तरावं वर्ष, आणि पाण्याच्या बंबाशेजारी.

अन्वी बोलत नाही. काल फक्त दारात उभी राहून म्हणाली, सगळं जर्मनमध्ये, "आई, तू आधी खोटं का बोललीस ते मला नको सांगूस. आत्ता का खरं बोललीस, ते सांग. सगळ्यांनी मला फोनवरच्या ग्रुपमधून काढलंय."

रोज सकाळी उठले की आधी कान देते. काही पडल्याचा आवाज आला का? नाही. मग वाटतं, पडू दे. मोकळं पडू दे, आत कुणी नसताना, म्हणजे मी खरी ठरेन. आणि लगेच ते नको वाटतं, कारण ते छत चांगलं आहे गं. इतकं सुंदर काम मी दुसरीकडे पाहिलं नाही. तू ते पत्र दिलंस तेव्हा तुझं असंच झालं होतं का? तू एकटीने हे सगळं काढलंस आणि मी समोरच्या बाजूला बसून चहा पीत होते.

अरुंधती


५ ऑक्टोबर २०२५, दुपार

मैत्रेयी,

थोडंच लिहिते. शेडमध्ये गेलो, तिघंही. मला जायचं नव्हतं, हरीशने कोट हातात दिला. भोपळे, गव्हाच्या लोंब्यांचा मोठा मुकुट, सफरचंदांच्या पेट्या. मुलं बाकांवर उभी राहून गायली. अन्वी शेवटच्या रांगेत, तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली. ती तशीच गायली. सूर कुठेही हलला नाही.

पाद्रीबुवांनी भाषणात चर्चचं नाव घेतलं, माझं घेतलं नाही. कुणी आमच्या बाकावर बसलं नाही. परत येताना चर्चकडे पाहिलं. उभं आहे. काहीही झालेलं नाही.

पत्र पाठवू की नको असं वाटतंय. पाठवते.

अरुंधती


२३ नोव्हेंबर २०२५

मैत्रेयी,

तुझं पत्र गुरुवारी आलं. कॉलेजच्या लेटरहेडवर, मागची बाजू कोरी. मी ते इतक्यांदा वाचलंय की इथे उतरवून काढायला समोर धरायची गरज नाही.

"अरुंधती, सगळी पत्रं मिळाली. गुरुदत्तने तो फोटो मलाही त्याच दिवशी पाठवला होता. खाली लिहिलं होतं, अरुंधती मॅडमनाही पाठवलाय. मी तुझ्या फोनची वाट पाहिली. दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत. मग नंबर बंद केला. चर्चचं काय झालं? फळ्या काढल्या का? मैत्रेयी."

दुपारभर मी स्वयंपाकघरात बसून होते. आठ वर्षं मला वाटत होतं की मी काहीतरी लपवून ठेवलंय आणि तू मला २०१४ साठी क्षमा करत नाहीयेस. तू ते सोसलं होतंस. तू फक्त एका फोनची वाट पाहत होतीस, आणि मी पणतीचं चित्र पाठवलं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं आता तुझ्यावर टाकायचं नाही.

तू विचारलंस ते सांगते. महिनाभराने दुसऱ्या ऑफिसचा इंजिनिअर आला, एक सुतारही आला, साठीचा. फळ्या काढताना फ्राउ बिकेलहाउप्ट मला बोलवायला स्वतः जिना चढून आल्या. "तुम्हीही बघा," एवढंच म्हणाल्या. तिसरं टोक चांगलं निघालं. चौथं नव्हतंच. म्हणजे तुळई भिंतीपाशी येऊन संपत होती. पुढचे चाळीस सेंटिमीटर काळा भुगा. कौलाची एक पन्हाळी कधीतरी फुटली होती, तिथून पाणी वर्षानुवर्षं आत मुरत राहिलं. ती तुळई भिंतीवर टेकलेलीच नव्हती. शेजारच्या दोन तुळयांवर आणि छताच्या पट्ट्यांवर लोंबत होती.

मी सुताराला विचारलं, "५ ऑक्टोबरला पडलं असतं का?" त्याने मुठीतला भुगा पॅंटला पुसला. "मुलं गायली असती आणि घरी गेली असती, असंही झालं असतं. मी सांगू शकत नाही. जो सांगू शकतो म्हणेल त्याला छपरावर चढू देऊ नका."

गावात आता लोक बोलतात माझ्याशी. काही बोलत नाहीत. समितीतल्या ज्याने 'कशावरून मानायचं' असं मला विचारलं होतं, तो अजूनही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जातो, आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. नोकरी गेली, नोटिशीची मुदत वर्षअखेरीस संपेल. घर राहिलंय. निदान उन्हाळ्यापर्यंत. अन्वीला काल सगळं सांगितलं, तुझ्यापासून सुरू करून. सभागृह, फोटो, मेसेज. तिने सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "आणि त्या मैत्रेयीमावशी आता काय करतात?" शिकवतात म्हटलं. "काय शिकवतात?" मी म्हटलं, इमारती कशा उभ्या राहतात ते. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग तू त्यांच्याकडे जायला हवंस. पत्र लिहिणं सोपं असतं."

बरोबर आहे तिचं. पाच पत्रं लिहिली, आणि प्रत्येक वेळी पेटीत टाकून झाल्यावर मला हलकं वाटलं. तुला वाटलं नसणार.

या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. सभागृहाच्या ट्रस्टला रजिस्टर पत्र पाठवलं: २०१४ चा तुझा इशारा योग्य होता, माझा दाखला चुकीचा होता, आणि २०१७ पासून मला ते ठाऊक होतं. गुरुदत्तला फोन करून तो फोटो परत मागवला, त्याने ठेवला होता. तो सोबत जोडला. आता ते काय करतील ते करतील. प्रत या पाकिटात आहे. कुणाला दाखवायची ते तू ठरव.

दुसरं, तिकीट काढलंय. २२ डिसेंबरला सोमवारी सकाळी दहाला तुझ्या कॉलेजच्या फाटकाशी असेन. एकटीच. वॉचमनकडे माझं नाव देऊन ठेवते. तुला भेटायचं नसेल तर त्याला सांग. मी आत डोकावणार नाही, पुन्हा पत्र लिहिणार नाही, संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत जाईन. आणि आलीस, तर हे सगळं मला तुझ्यासमोर उभं राहून, तोंडाने म्हणायचंय. तू मध्येच थांबवलंस तरी चालेल.

अरुंधती